निरीक्षणचित्रण आणि स्वतःची शैली : कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीच्या पत्राला उत्तर

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रेखा व रंगकला विभागात तू दुसऱ्या वर्षाला आहेस, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत तुला ‘अ’ श्रेणी मिळाली होती आणि मोबाइलवरील छायाचित्र पाहून तू काढलेली व्यक्तिचित्रे घरच्यांना हुबेहूब वाटतात. परंतु वर्गात मॉडेल बसले किंवा शिक्षकांनी बाजारात स्केचिंगला पाठवले की हात अडतो, असे तू लिहिले आहेस. तुझी दुसरी तक्रार अशी की, बरोबरीच्या काही मुलांचे काम पाहताक्षणी ओळखू येते, तुझे येत नाही. आणि स्वतःची शैली नसेल तर पुढे काम मिळेल का, याची तुला आणि तुझ्या आईला काळजी वाटते. या दोन्ही तक्रारींचे मूळ माझ्या मते एकच आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

छायाचित्रात बरेचसे कठीण निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेले असतात. कुठून पाहायचे, किती भाग चौकटीत घ्यायचा, खोली असलेले दृश्य सपाट पृष्ठावर कसे बसवायचे, हे सारे ठरून गेलेले असते. शिवाय मोबाइलने चेहरा जवळून टिपला की नाक प्रमाणाबाहेर मोठे दिसते, कान मागे पडतात आणि सावलीतले बारकावे पुष्कळदा काळ्या रंगात बुडून जातात. तू ते सगळे इमानाने कागदावर उतरवतेस. समोर जिवंत माणूस बसला की तो थोडा हलतो, खिडकीतला प्रकाश सरकतो, आणि काय घ्यायचे, काय सोडायचे, कशावर जोर द्यायचा हे तुला स्वतःला ठरवावे लागते. तुझा हात तिथे अडतो. शैली म्हणून आपण जे ओळखतो तो अशा असंख्य निर्णयांमधून पुन्हा पुन्हा दिसणारा त्या चित्रकाराचा कल असतो; निर्णय घेण्याची वेळच आली नाही, तर तो कल दिसायला वाव राहत नाही.

तेव्हा सुरुवात निरीक्षणापासून कर, आणि तीही घरातल्या वस्तूपासून. एखादा तांब्या स्टुलावर, डोळ्यांच्या पातळीच्या बराच खाली ठेव. त्याचे तोंड लंबवर्तुळाकार दिसते, हे तुला वस्तुचित्राच्या तयारीपासून माहीत आहे. तरीही पुष्कळ विद्यार्थी तळाची कड जवळजवळ सरळ रेषेत काढतात, कारण तांब्या सपाट पृष्ठभागावर टेकलेला आहे हे त्यांच्या मनाला ठाऊक असते. प्रत्यक्षात तळ हा तोंडापेक्षा डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे त्याचे वर्तुळ अधिक उघडलेले दिसते आणि त्याची पुढची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलाई घेते. लंबवर्तुळाची दोन्ही टोकेही नीट पाहा. ती वळतात, टोकदार कधीच होत नाहीत. मग तोच तांब्या फळीवर असा ठेव की त्याचे तोंड बरोबर डोळ्यांच्या पातळीला येईल, म्हणजे तोंडाची एक आडवी रेषा होऊन बसेल. मनाला ठाऊक असलेला तांब्या आणि डोळ्यांना दिसणारा तांब्या यांतले अंतर एकदा असे लक्षात आले, की मॉडेलच्या खांद्याकडे, गुडघ्याकडे आणि पावलांकडे पाहण्याची तुझी रीत बदलेल.

मॉडेलसमोर मापे घेताना पेन्सिल धरलेला हात कोपरात न वाकवता पूर्ण ताणलेला ठेव आणि एक डोळा मीट. हात वाकला की पेन्सिलीचे डोळ्यापासूनचे अंतर बदलते आणि सगळी मापे चुकतात. कमरेवर हात ठेवलेली आकृती असेल तर हात आणि धड यांच्यामधली मोकळी जागा आधी काढून पाहा, कारण त्या जागेविषयी मनात कोणतीही ठरावीक प्रतिमा नसते आणि म्हणून ती आहे तशी दिसते. छटा ठरवताना डोळे अर्धवट मिटावेत, हे तुझ्या शिक्षकांनी सांगितले असेलच.

बाजाराची भीती वाटणे स्वाभाविक आहे. तिथे कोणी तुझ्यासाठी थांबणार नाही, पण काम करणारा माणूस पुन्हा पुन्हा त्याच हालचाली करतो. भाजी विकणारी बाई वाकून भाजी उचलते, तराजू धरते, पैसे घेऊन कनवटीला लावते आणि थोड्या वेळाने पुन्हा वाकते. म्हणून एकाच पानावर तीन-चार आकृत्या सुरू कराव्यात आणि जी ढब परत येईल तिच्यात चार रेषा वाढवाव्यात. एका ढबीच्या मागे लागून बसू नये. लक्ष्मीपुरीच्या बाजारात किंवा बसस्थानकावर खोडरबर न नेता जा. घरी आल्यावर, छायाचित्र न पाहता, तेच दृश्य आठवून काढ आणि दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन ताडून पाहा. स्मरणचित्र हा विषय परीक्षेपुरता उरकला जातो याचे मला फार वाईट वाटते, कारण नजर किती पक्की बसली आहे याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

आता शैलीविषयी. तुझ्याच गावचे दोन चित्रकार पाहा. आबालाल रहिमान आणि १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर हे दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीने शिकले. आबालाल कोल्हापुरात परतले आणि कोटितीर्थाच्या परिसरात एकांतात राहून पाणी, झाडे आणि बदलता प्रकाश रंगवत राहिले. धुरंधर मुंबईत राहिले आणि माणसांत रमले, त्यांचे पेहराव, समारंभ, रस्त्यावरची वर्दळ त्यांनी विलक्षण बारकाईने टिपली. शिक्षण सारखे असूनही त्यांची चित्रे वेगळी झाली, कारण रोज काय पाहायचे हे प्रत्येकाने आपल्या ओढीने ठरवले. याउलट गोव्याचे मारिओ मिरांडा यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते, पण ते तरुणपणी रोजनिशी चित्रांतून लिहीत असत, आणि १९४९ ते १९५१ या वर्षांच्या त्यांच्या रोजनिश्या आज पुस्तकरूपाने पाहायला मिळतात. गावातली माणसे, लग्ने, मेजवान्या, मित्रांच्या बैठका यांनी भरलेली ती पाने चाळताना, पुढे जगाने ओळखलेली त्यांची गर्दीची चित्रे कशातून आली हे स्पष्ट दिसते.

मोठ्या चित्रकारांच्या कामाचा अभ्यास अवश्य कर, फक्त दर वेळी एकच प्रश्न घेऊन बस : यांनी सावलीची कड कुठे हरवू दिली आहे, रेषा कुठे जाड केली आहे, काय गाळले आहे? समाजमाध्यमांवर लोकप्रिय झालेली धाटणी उचलली तर तुझ्या हाती दुसऱ्याच्या निर्णयांचे फक्त फळ लागते आणि नवा विषय समोर आला की ते उपयोगी पडत नाही.

नोकरीच्या दृष्टीने तुझ्या आईला सांग की, दुसऱ्या वर्षात शैली नसणे ही उणीव मुळीच नाही. ॲनिमेशन स्टुडिओत स्टोरीबोर्ड (कथेतले प्रसंग ओळीने मांडणारी रेखाटने) किंवा पात्ररचनेचे काम करणाऱ्याला प्रकल्पाच्या धाटणीत काम करावे लागते, त्यामुळे तिथे भक्कम रेखाटनाला अधिक मोल असते. डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या सीड परीक्षेतही हाताने रेखाटन करावे लागते. पुस्तकांची सजावट आणि स्वतंत्र चित्रनिर्मिती या क्षेत्रांत मात्र स्वतःची ओळख लवकर लागते, आणि त्यासाठी तुझ्याकडे अजून वर्षे आहेत. पोर्टफोलिओत पूर्ण केलेल्या चित्रांबरोबर स्केचबुकातली काही कच्ची पाने, चुकलेल्या रेषांसह, जरूर ठेव; निवड करणाऱ्यांना उमेदवार कसा विचार करतो हे तिथे दिसते.

वडील डिजिटल टॅबलेट घेऊन देत आहेत, तो आता घ्यावा का, असेही तू विचारले आहेस. त्यांना आणखी एक वर्ष थांबण्याची विनंती कर, आणि तूर्त त्या पैशांतला थोडा भाग कार्ट्रिज कागद, चारकोल आणि खिशात मावेल अशा स्केचबुकांवर खर्च कर.