बाळाचं नाव पुराणातून निवडताना

अभिनंदन! बाळासाठी पौराणिक नावांच्या पाच याद्या काढून गोंधळलात, हे साहजिक आहे. सुरुवातीला एवढंच बघा.

नावाचा अर्थ यादीत वाचून विश्वास ठेवू नका, संस्कृत शब्दकोशात शोधा. ‘रेयांश’चा अर्थ सगळीकडे ‘सूर्याचा अंश’ दिलेला असतो; पण रवि आणि अंश यांचा संधी ‘रव्यंश’ होतो. नाव गोड वाटलं तर जरूर ठेवा, फक्त पौराणिक समजून नको.

मग त्यामागची कथा वाचा. मला आईवरून आलेली नावं फार आवडतात: पृथेचा म्हणजे कुंतीचा पार्थ, सुमित्रेचा सौमित्र. आणि राधेय! जन्म कुंतीचा, पण कर्णाचं हे नाव त्याला वाढवणाऱ्या राधेवरून.

नाव, वडिलांचं नाव, आडनाव सलग मोठ्याने म्हणा. आजीला हाक मारायला सांगा. तिची जीभ अडखळली तर घरात दुसरंच नाव रुळेल.

घाई नको. जन्मनोंदणीत नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. मात्र इंग्रजी स्पेलिंग घरात सगळ्यांनी आधीच एक ठरवा.

राशीचं अक्षर, अंकशास्त्र आत्ता बाजूला ठेवा. आधी तीन नावं पक्की करा, मग बोलू.