टबातले गाणे बंद पडले. भरपाई नेमकी कशाची?

प्रश्न : मी पुण्यात राहतो आणि मुळशी तालुक्यात आमचा एक लहान बंगला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या एका विक्रेत्याकडून तेथे उघड्या डेकवर बसवण्यासाठी परदेशी बनावटीचा हॉट टब ९,४०,००० रुपयांना घेतला. कोटेशनमध्ये अंगभूत साउंड सिस्टिमचे १,१५,००० रुपये वेगळे दाखवले होते. बिलात मात्र सगळी मिळून एकच रक्कम आहे. जुलै २०२५ मध्ये चारपैकी दोन स्पीकर बंद पडले. तंत्रज्ञाने सिलिकॉन भरून दिले, पण ऑक्टोबरात ॲम्प्लिफायरच गेला. साउंड सिस्टिमला एक वर्षाची वॉरंटी असली, तरी ‘पाणी शिरल्यामुळे झालेला बिघाड’ तिच्यातून वगळला आहे, असे विक्रेत्याने डिसेंबरात ईमेलने कळवले. मला टबाचे पूर्ण पैसे परत मिळतील का? शेजाऱ्यांनीही रात्रीच्या आवाजाबद्दल तोंडी तक्रार केली आहे. मेव्हण्याला असाच टब घ्यायचा आहे. त्याने गाण्याची सोय घ्यावी का? जाता जाता सांगतो, एप्रिलपासून तीन वेळा शनिवार-रविवारी बंगला पाहुण्यांना भाड्याने दिला होता.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण जे जाता जाता सांगितले आहे, त्यापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण विक्रेत्याचा वकील पहिला घाव तेथेच घालणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे ‘व्यापारी हेतूने’ वस्तू घेणारा माणूस ग्राहक ठरत नाही, आणि तो ग्राहक नसेल तर ग्राहक आयोगाचे दारच त्याच्यासाठी बंद होते. हा हेतू कसा ओळखावा याचे विवेचन सर्वोच्च न्यायालयाने लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात २०१९ मध्ये केले आहे. खरेदीमागचा मुख्य उद्देश काय होता आणि त्या खरेदीचा नफा मिळवण्याच्या व्यवहाराशी निकटचा संबंध होता का, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून पाहावे लागते. व्यापारी हेतू होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा आक्षेप घेणाऱ्यावर असते, असेही त्या न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. आपण टब कुटुंबासाठी घेतला आणि पाच महिन्यांनंतर तीनदा बंगला भाड्याने दिला, एवढ्यावरून खरेदी व्यापारी ठरू नये, असे माझे मत आहे. मात्र जाहिरातीत टबाचे छायाचित्र पुढे करून आपण भाडे वाढवले असेल, तर मामला अवघड होईल. म्हणून ही गोष्ट तक्रारीत लपवू नका. तारखा आणि मिळालेली रक्कम आपणच लिहा. समोरच्याने ती उघडकीस आणली, तर आपल्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

आता पाण्याविषयी. पाण्यातच वापरायच्या वस्तूची वॉरंटी ‘पाणी शिरल्यास’ रद्द होते हे म्हणणे ऐकायलाच विचित्र वाटते, पण विचित्र अट आपोआप बेकायदा ठरत नाही. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार, वस्तू कशासाठी हवी हे विक्रेत्याला माहीत असेल आणि ग्राहक त्याच्या कौशल्यावर विसंबून असेल, तर वस्तू त्या कामास योग्य असण्याची अट कराराच्या पोटात गृहीत धरली जाते. परंतु त्याच कायद्याचे कलम ६२ अशी गृहीत अट स्पष्ट कराराने बाजूला सारण्याची मुभाही देते. तेव्हा आपला युक्तिवाद ‘अट अवैध आहे’ असा नसावा. ‘अटीचा विक्रेता लावतो तो अर्थच होऊ शकत नाही’ असा तो असावा. टब पाण्यात बुडाला, पुराचे पाणी आत आले, कोणी दाबाच्या पाईपने यंत्रावर पाणी मारले, अशा प्रसंगांसाठी ती अट समजण्यासारखी आहे. नेहमीची वाफ, अंगावरून निथळणारे पाणी आणि मुळशीचा पाऊस यांनाही ती लावली, तर वॉरंटीत उरतेच काय? संदिग्ध अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व येथे आपल्या कामी येईल.

याहून बळकट आधार ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(१०) मधील ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. विक्रेत्याने कोणत्याही रीतीने जो दर्जा सांगितला, त्यात उणेपणा आढळला तर तोही दोषच ठरतो. म्हणून माहितीपत्रक शोधून काढा. ‘बाराही महिने उघड्यावर चालते’ अशा अर्थाचे एक वाक्य त्यात सापडले, तर ते वॉरंटी कार्डाच्या दहा ओळींना भारी पडेल. विक्रेत्याला बसवण्याची जागा उघडी आहे हे माहीत होते, हे दाखवणारा व्हॉट्सॲपवरील संवादही जपून ठेवा.

दोन मोह मात्र टाळा. हल्ली अशा नोटिशींत ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची उत्पादक-विक्रेत्यावरील जबाबदारी) हा शब्द सर्रास घातला जातो. त्या प्रकरणाखाली भरपाई मागायला कायद्याच्या अर्थाने ‘हानी’ व्हावी लागते आणि खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान कलम २(२२) ने त्या व्याख्येतून वगळले आहे. विजेचा धक्का बसून कोणाला इजा झाली असती, तर गोष्ट निराळी होती. दुसरा मोह ‘अन्याय्य करार’ म्हणून अटीलाच आव्हान देण्याचा. तो अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. लाखभराच्या दाव्यासाठी राज्य आयोगापर्यंत जाण्यात मला शहाणपण दिसत नाही.

पूर्ण पैसे परत मिळण्याची आशा धरू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. कलम ३९ प्रमाणे आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो, हे खरे. पण आपल्या टबाचे कवच, पंप, हीटर आणि जेट व्यवस्थित चालत आहेत, आणि बंद पडलेल्या गाण्यासाठी ९,४०,००० रुपये परत करण्याचा आदेश वरच्या आयोगात टिकणे कठीण आहे. मागणी अशी असावी : ठरावीक दिवसांत नवी साउंड सिस्टिम बसवून द्यावी, ते न जमल्यास १,१५,००० रुपये व्याजासह परत करावेत, आणि दोन्ही परिस्थितींत मनस्तापाची माफक भरपाई व तक्रारीचा खर्च द्यावा. बिलात एकच रक्कम असल्याने ‘साउंड सिस्टिम तर भेट म्हणून दिली होती’ असा पवित्रा विक्रेता घेऊ शकतो. तेव्हा कोटेशन, त्याला आपण दिलेली संमती आणि बँकेतून गेलेली रक्कम, हे तिन्ही कागद एकत्र जोडा.

पुराव्याच्या बाबतीत मुख्य काळजी काढलेल्या भागांची घ्या. जळालेला ॲम्प्लिफायर ‘तपासून सांगतो’ म्हणून कोणी नेऊ लागला, तर सही-शिक्क्याच्या पावतीशिवाय देऊ नका. तो हरवला की निम्मा दावा गेला. तपासणीवाचून दोष ठरवता येत नसेल, तर कलम ३८(२) प्रमाणे आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याआधी एखाद्या स्वतंत्र, जाणकार तंत्रज्ञाकडून पाहणी करून घ्या आणि पाणी कोठून शिरले, मूळ रबरी सीलमधून की नंतर भरलेल्या सिलिकॉनच्या फटीतून, हे त्याच्या प्रतिज्ञापत्रात नेमके लिहून घ्या. सिलिकॉनच्या फटीतून शिरले असेल, तर सदोष वस्तूबरोबर सदोष सेवेचाही मुद्दा उभा राहतो. ईमेल, छायाचित्रे आणि व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेले बरे. कॅबिनेटचे झाकण मात्र स्वतः उघडू नका, आणि त्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे की नाही, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. तोवर टबात उतरू नये.

‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ असे बिलामागे छापलेले असले, तरी घाबरू नका. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ३४ देते, म्हणजे पुण्यात. कोणत्या आयोगाकडे जायचे याची मोजदाद दिलेल्या मोबदल्यावर होते, ५० लाखांपर्यंतचे प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते आणि ९,४०,००० रुपयांच्या खरेदीला शुल्क अवघे २०० रुपये आहे. परदेशी कंपनीच्या मागे न लागता विक्रेता आणि भारतातील आयातदार, दोघांनाही पक्षकार करा. मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची आहे आणि ती जुलै २०२५ पासूनच धरून चाला. नोटीस पाठवल्याने किंवा ईमेलची देवाणघेवाण चालू राहिल्याने ती वाढत नाही.

शेजाऱ्यांचा मुद्दा थोडक्यात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तर बंदिस्त जागेबाहेर ती लावताच येत नाही. उघडा डेक म्हणजे बंदिस्त जागा नव्हे. शेजाऱ्यांनी अजून लेखी काही दिलेले नाही, तोवर त्यांच्याकडे जाऊन चहा घेतलेला उत्तम. पाहुण्यांनी लावलेल्या गाण्यालाही बंगल्याचे मालक म्हणून प्रथम आपल्यालाच विचारले जाईल.

मेव्हण्यांचा प्रश्न याच मुद्द्याशी जोडलेला आहे. जेट आणि ब्लोअर चालू असताना त्यांच्या घरघरीत गाणे बुडते, म्हणून माणूस आवाज चढवतो, आणि चढवलेला आवाज टबात बसणाऱ्यापेक्षा कुंपणापलीकडच्याला स्वच्छ ऐकू जातो. शिवाय वाफ, उष्णता आणि क्लोरिन यांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहणारा भाग टबाच्या अंगातच बसवलेला असल्याने दुरुस्तीसाठी सगळे पॅनेल उघडावे लागते. टबाच्या कवचाला अनेक वर्षांची वॉरंटी देणारे विक्रेते साउंड सिस्टिमवर वर्षभराच्या पुढे जायला कचरतात, त्याचे कारण हेच असावे. माझ्या मते ही सोय पैसे मोजून घेण्यासारखी नाही; पाण्यापासून सुरक्षित असा एक सुटा ब्लूटूथ स्पीकर डेकच्या कठड्यावर ठेवावा, बिघडल्यास टाकून दुसरा आणावा. मेव्हण्यांना तरीही अंगभूतच हवी असेल, तर त्यांनी साउंड सिस्टिमची किंमत बिलात वेगळ्या ओळीवर लिहून घ्यावी आणि ‘उघड्या जागेत, पावसाळ्यासह, नेहमीच्या वापरात पाणी शिरल्यास वॉरंटी लागू राहील’ एवढे एक वाक्य विक्रेत्याच्या सहीने मागून पाहावे. त्याने सही द्यायला नकार दिला, तर मेव्हण्यांनी उरलेला हप्ता देण्यापूर्वीच साउंड सिस्टिम वजा करून नवे कोटेशन मागावे.