खाजगी बोटॅनिकल गार्डन बघायला एक दिवस पुरतो का? आणि कधी जायचं?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा न दोन पोरं घेऊन नागपूरहून सकाळी निघायचं, त्या खेड्यातल्या रिटायर मास्तरांची बाग बघायची न संध्याकाळी घरी, तर दिवस वाया तर नाही जाणार ना. मी तीनदा जाऊन आलोय, नाही जात. फक्त नागपूरची महाराजबाग, म्हणजे सार्वजनिक बाग, डोक्यात ठेवून जाऊ नका. झोके नाहीत, कॅन्टीन नाही, पाट्या पण निम्म्याच झाडांना. वावरच आहे ते, कापूस-तूर बंद करून झाडं लावलेली, म्हणून आदल्या दिवशी फोन कराच, कारण दिवसाची लाईन (पंपाची वीज) असली की मास्तर ओलितात, म्हणजे पाणी देण्यात, अडकलेले असतात, आणि मास्तरांशिवाय ती बाग म्हणजे नुसती झाडं.

सीझन म्हणाल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात. पळस फुललेला असतो, कांचनही फुललेला असतो, आणि कांडोळ. हे झाड तेव्हा अख्खं निष्पर्ण, खोड पांढरंफटक, वरची साल कागदासारखी सुटते न खालून गुळगुळीत हिरवट-पांढरं दिसतं. पोरांना हात फिरवू द्या, पण लाल फळांना नाही, त्यावर बारीक कुसं असतात, हातात शिरली की बसा खाजवत. ऑगस्टमध्ये कळलावी बघायला मिळते खरी (तिचा कंद विषारी, पोरांना उकरू देऊ नका), पण आपली काळी माती, चपलेला दोन-दोन किलो चिखल, आई-बाबांना तर अजिबात नको.

बिब्याचं ऐका जरा. मास्तर सांगतात की वरचा केशरी भाग पिकला की खातात, खालची काळी बी फोडू नका. आमचा भाचा कशाचा ऐकतो, गोडंबी (बीच्या आतला गर) काढायची म्हणून बी दगडानं ठेचली, तेल उडालं मनगटावर. खोबरेल लावलं, तरी दुसऱ्या दिवशी हे मोठे फोड. लाडवात गोडंबी खाणं वेगळं न ती काढणं वेगळं, काढणाऱ्या बायांचे हात बघा कधी. पूर्वी धोबी कपड्यावर खूण करायचे ते याच तेलानं.

मला सगळ्यात आवडलं ते आपटा न कांचन शेजारी-शेजारी लावलेत ते. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदी जास्त, कांचनाचं मोठं. दसऱ्याला आपण बाजारातून सोनं म्हणून कितीदा कांचनच आणतो, माझ्या घरी तर वर्षानुवर्षं तेच होतं, बायको अजून चिडवते.

नऊच्या आत पोचा, बारानंतर ऊन लागतं. शिदोरी घरूनच न्या, विहिरीजवळ आंब्याखाली बसायला मस्त जागा आहे. तिकीट नाही, पण जाताना रोपं घ्या, मास्तरांचा खर्च त्यातूनच निघतो. आणि नुसत्या औषधी वनस्पतीच बघायच्या असतील तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुन उद्यान आहे, तिकडे जा, तो वेगळा दिवस काढावा लागेल.

रोप घेणार असाल तर आपट्याचं घ्या. माझं बकरीनं दोनदा खाल्लं तरी आता कंबरेएवढं झालंय.