माजी गट, माझी नगरसेवक आणि एक अरबी अक्षर

प्रश्न असा आला आहे: "आमचं गाव 2021 साली पुणे महापालिकेत गेलं आणि आमचा जिल्हा परिषद गट संपला. 1962 पासून तिथून कोण कोण निवडून आलं ते लिहून काढतोय. मथळ्यात 'माजी गट' लिहू की 'भूतपूर्व गट'? आणि गटाखालच्या तुकडीला गण का म्हणतात?"

दोन्ही नकोत. 'पूर्वीचा गट' लिहा. माजी होतो तो माणूस: माजी सैनिक, माजी विद्यार्थी, माजी आमदार. गाव, वाडा, रस्ता, मतदारसंघ कधी माजी होत नाहीत. ते जुने होतात, मोडतात, नाहीतर रद्द होतात.

तुम्ही निदान 'माजी' नीट लिहिलंत, त्याबद्दल आभार. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर दर वाढदिवसाला 'माझी नगरसेवक' झळकतात. कुणाची? 'ज'ला ई लागली की तो तालव्य होतो, 'माझी'तला झही तालव्यच. म्हणून कान फसतो हे मान्य. पण छापणाऱ्याला डोळेही असतात ना? माजी हे अरबी 'माज़ी', म्हणजे होऊन गेलेला. उर्दू व्याकरणात भूतकाळाला आजही माज़ीच म्हणतात. 'माज उतरला की माजी' ही व्युत्पत्ती एका जाणकारांनी भर सभेत गंभीरपणे सांगितली होती. विनोद म्हणून ठीक, पण माज आला 'मद'वरून. त्याचा इथे काही संबंध नाही.

खरी गंमत पुढेच आहे. अरबीत माज़ीमधला ज साधा नव्हे. ते 'ज़्वाद' नावाचं अक्षर आहे, आणि अरब आपल्या भाषेला अभिमानाने ज़्वादची भाषा म्हणतात. फारसीने त्याचा सरळ ज़ केला, आपण ज. आता पाहा. उमेदवारी *अर्ज* भरायचा, पक्षश्रेष्ठींची *मर्जी* सांभाळायची, बंडखोराला *राजी* करायचं, मतं कमी पडली तर अनामत *जप्त*, निवडून आलात तर सभेला *हजर*, एक दिवस *राजीनामा*, मग *माजी*. या सगळ्यांतला ज मुळात ज़्वाद! आणि हे सगळं जिथे घडतं तो *जिल्हा*सुद्धा: अरबी 'ज़िलअ', म्हणजे बरगडी. बरगडीवरून बाजू, बाजूवरून मुलखाचा भाग. तुमची जिल्हा परिषद म्हणजे शब्दशः बरगडी परिषद. सगळी कारकीर्द एका अक्षरात मावते आणि आपले भाषाशुद्धीवाले तेच अक्षर खरवडायला निघालेत.

राजीनाम्यावर जरा थांबतो. राजी म्हणजे कबूल. तेव्हा राजीनामा म्हणजे संमतिपत्र. मग पद सोडण्याशी त्याची गाठ कुठे पडली? माझा तर्क असा: मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात 'राजीनामा-कबुलायत' अशी जोडी होती. जुना खातेदार जमीन सोडत असल्याचा राजीनामा देई, नवा ती घेत असल्याची कबुलायत. जमीन सोडण्याचा कागद पुढे खुर्ची सोडण्याचा झाला असावा. 'खुशीने सोडलं' ही सारवासारव त्यात तेव्हापासूनच आहे. कुणी म्हणेल, नोकरीचे राजीनामे वेगळ्या वाटेने आले. आले असतील, मला ही वाट आवडते.

'भूतपूर्व'चा आग्रह धरणाऱ्या संस्कृतप्रेमींना एवढंच सांगतो की पाणिनीने यासाठी अख्खा प्रत्यय देऊन ठेवला आहे: 'भूतपूर्वे चरट्' (5.3.53). पूर्वी श्रीमंत असलेला तो आढ्यचर. मग व्हा 'नगरसेवकचर', छापा फ्लेक्सवर! पुढचं सूत्र तर तुमच्याच कामाचं. जे पूर्वी देवदत्ताच्या मालकीचं होतं ते 'देवदत्तरूप्य'. काही गटांचा इतिहास या एका शब्दात आटोपेल. 'भूतपूर्व गट' व्याकरणाने चूक नाही, पण मराठी कानाला तो हिंदी बातम्यांतला वाटतो.

लिहिताना एक सांभाळा. 'गट' ही बोलीतली सोय आहे. 1961 च्या कायद्यातला शब्द 'निवडणूक विभाग'. शिवाय रचना बदलली की त्याच नावाखाली वेगळीच गावं येतात. म्हणून प्रत्येक निकालापुढे कोणत्या सालची रचना ते लिहा, आणि जागा राखीव होती का तेही. नाहीतर 1962 चा गट आणि 2017 चा गट एकच समजून कुणी तुलना करत बसेल.

कायद्यात एका विभागाचे दोन 'निर्वाचक गण' होतात, पंचायत समितीसाठी. 'गण' का, ते राहिलंच. त्यात ज़्वाद नाही, त्यामुळे घाई नाही.