भाऊ पहिल्यांदाच जेलमध्ये गेलाय. बाकीच्या कैद्यांशी त्याने कसं जमवून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मारामारीच्या केसमध्ये भावाला न्यायालयीन कोठडी झाली आणि घरातले सगळे त्याला एकच सांगतायत, "कोणाशी बोलू नको, आपलं आपलं राहा." हा सल्ला चुकीचा आहे. मला माझ्या दादाने हाच दिला होता.

बांधाच्या भांडणात चुलत्याचं डोकं फुटलं आणि माझ्यावर तीनशे सात, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम, लागलं. २०१९ साली एका जिल्हा कारागृहात मी ४१ दिवस काढले. पंचवीस जणांच्या बरॅकमध्ये आम्ही साठच्या वर होतो. आपलं आपलं राहणार कुठे? कूस बदलायची तरी शेजाऱ्याला हलवावं लागतं. नवीन माणूस संडासाच्या दाराशी झोपतो, हे ठरलेलं.

माझ्या बाजूला एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता, मोटारसायकल चोरीच्या संशयावरून उचललेला. पहिल्या सकाळी बरॅकमधल्या जुन्या माणसाने त्याला नाव विचारलं, मग जात विचारली. पारधी म्हटल्यावर म्हणाला, "मग संडास तुझा." मला विचारलं, मी आडनाव सांगितलं. म्हणाला, "पाटील, तुम्ही बसा."

मी बसलो. तीन दिवस बसलो. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

चौथ्या दिवशी पोराच्या अंगात ताप होता, तरी तो बादली घेऊन उठला. बादलीची कडी तुटलेली, तिच्या जागी चादरीची चिंधी बांधलेली. ती चिंधी मी त्याच्या हातातून घेतली आणि आत गेलो. त्याने आभार वगैरे मानले नाहीत. दाराशी उभा राहून म्हणाला, "काका, पावडर आधी नाही. आधी कोपऱ्यात जोरात पाणी मारा, मग ब्रश." दोनदा माझ्याकडून परत घासून घेतलं.

त्या दिवसापासून माझं बरॅकमध्ये जमलं. तोंडाने कोणी काही बोललं नाही. पाण्याच्या रांगेत माझा डबा पुढे सरकायला लागला, रात्री पाय लांब करायला वीतभर जागा मिळाली. आठवड्याभरात संडासाची पाळी लागली. दोघांनी मात्र शेवटपर्यंत हात लावला नाही, आणि त्यांना सांगायची कोणाची टाप नव्हती.

म्हणून भावाला सांगा, पाळीचं काम टाळू नको. कॅन्टीनमधून बिस्किटांचा पुडा आणला तर एकट्याने खाऊ नको. दुसऱ्याची केस विचारू नको, आपली सांगू नको, कागद तर कोणाला दाखवूच नको. उधारी नाही, जुगार नाही. बाकीचं त्याचं त्याला कळेल.

दादाचं म्हणणं, जेलात जे चालत आलंय ते चालू द्यायचं, आपण कशाला हात घालायचा? ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. जातीवरून कामं वाटणारे तुरुंगाचे नियम घटनाबाह्य ठरले, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायचा आदेश झाला. भटक्या-विमुक्तांबद्दलही त्यात आहे. इंग्रजांनी १८७१ पासून कायदा करून पारध्यांसारख्या कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण त्या पोराला पहिल्याच सकाळी जात विचारली गेली ती २०१९ मध्ये. निकालाची बातमी छापून मी दादासमोर ठेवली. चष्मा सापडत नाही म्हणाला आणि कागद बाजूला सारला.

एक सांगायचं राहिलं. माझा अनुभव लहान जेलचा आहे. मोठ्या मध्यवर्ती कारागृहात टोळ्या असतात, तिथे कोणाच्याही गटात जेवायला बसण्याआधी आठ दिवस नुसतं बघावं. कोणी मारहाण केली तर तारखेला थेट न्यायाधीशांना सांगायचं, बरॅकमध्ये हिशेब चुकवायला जायचं नाही. आणि ही त्याची पहिलीच केस असेल, कलम फाशी-जन्मठेपेचं नसेल, तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले चालवायच्या नव्या कायद्याच्या) कलम ४७९ खाली सुटका मागता येते. तो अर्ज जेल अधीक्षकाने कोर्टात करायचा असतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

दादा मुलाकातीला दोनदाच आला. दुसऱ्या वेळी मी त्याला संडासाचं सांगितलं. तो म्हणाला, "पाटलाच्या घरात जन्मून हे धंदे?" त्यानंतर आलाच नाही, उरलेले दिवस बायको एसटीने यायची.

तुम्ही दर आठवड्याला जा. भावाने असलं काही सांगितलं तर तोंड वाकडं करू नका. मुलाकातीच्या जाळीतून गोंगाटात निम्मं ऐकू येत नाही, पण समोरच्याचा चेहरा आतून स्पष्ट दिसतो.