स्वतःच्याच गाण्यावर क्लेम आला? आधी मिनिट-सेकंद बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं सगळं वर आलं. नागपुरात बेसा रोडला घराच्या वरच्या खोलीत गाणं केलं, शब्द तुमचे, चाल तुमची, आवाज बहिणीचा. डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणं सगळ्या अॅपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, सगळीकडे टाकलं आणि यूट्यूबवरच्या तुमच्याच व्हिडिओवर कोण्या अनोळखी नावाचा कॉपीराइट क्लेम, म्हणजे ‘यातलं गाणं माझं’ असा दावा, येऊन बसला. वरून विचारलंत की आवाज घुमून राहिला, माइक बदलू का. माइकचं शेवटी सांगतो. क्लेमच्या या भानगडीत मी पुरता अडकलो होतो, तेही ऐन एप्रिलात, म्हणून जरा लांब लिहून राहिलो. मी वकील नाही. यूट्यूबचे नियम बदलत राहतात, तेव्हा काही दाबायच्या आधी त्यांचं आजचं पान वाचून घ्या.

रेकॉर्डिंगची यंत्रं आणि सेटिंग तुम्हाला येतात असं धरून चालतो.

आधी यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचा क्लेम उघडा आणि तो कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत लागला ते बघा. पूर्ण गाण्यावर लागला असेल आणि क्लेम करणाऱ्याचं नाव तुमच्या डिस्ट्रिब्युटरशी जुळत असेल, तर भिऊ नका. तुम्हीच दिलेल्या गाण्यानं तुमचाच व्हिडिओ पकडला आहे. त्यांना चॅनलची लिंक पाठवून चॅनल वगळायला सांगायचं, झालं. पण क्लेम फक्त सुरुवातीच्या तुकड्यावर आणि मधल्या म्युझिकवर असेल, म्हणजे बहीण गप्प आहे आणि नुसती ढोलकी चालू आहे तिथं, तर भांडण त्या ढोलकीचं आहे. ढोलकी ‘पॅकमधून घेतली’, म्हणजे तयार आवाजांच्या संचातून, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. माझा संशय तिथंच आहे.

ढोलकी-हलगीचे तेच ते लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार तुकडे, आपल्याकडे सगळ्यांच्या लॅपटॉपवर असतात. पॅक पैसे देऊन घेतला असला तरी तुम्हाला मिळते ती वापरायची परवानगी, आणि तीच परवानगी तुमच्यासारख्या कितीतरी जणांना मिळालेली असते. त्यातल्या एकानं आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, टाकलं की ती त्या आवाजाचा ठसा घेते. मग तोच लूप दुसऱ्या कोणाच्या गाण्यात सापडला की क्लेम आपोआप लागतो. तिथं माणूस बसून ऐकत नाही. वास्तविक अनेकांना विकलेले लूप ज्यात उघडे वाजतात असं गाणं कंटेंट आयडीत टाकायचंच नाही, असा यूट्यूबचा नियम आहे. पण तो नियम गाणं टाकणाऱ्यापर्यंत पोचवायचा कोणी? डिस्ट्रिब्युटरनं. आणि माझी गाडी अडली ती नेमकी इथं.

नाव घेत नाही. आपल्याकडे भीमगीतांचं कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. मार्चअखेरपासून १४ एप्रिलपर्यंत आणि मग दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी, या दोन वेळा. तेवढ्यात गाणं लोकांपर्यंत गेलं तर गेलं. उत्तर नागपुरातल्या एका मंडळासाठी गाणं केलं होतं. माझ्या डिस्ट्रिब्युटर कंपनीच्या फॉर्मवर ‘यूट्यूबवरून कमाई करा’, म्हणजे गाणं कंटेंट आयडीत टाका, हा चौकोन आधीच टिचकी मारून ठेवलेला होता. लूप असेल तर ही टिचकी काढा, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. परिणाम दोन्हीकडून झाला. आमच्या गाण्यावर दुसऱ्याचा क्लेम आला, आणि आमच्या नोंदीमुळे अमरावती आणि चंद्रपूरच्या दोन पोरांच्या गाण्यांवर आमच्या नावानं क्लेम गेला. त्यांनी मला फोन करून जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. त्यांचंही काय चुकलं? त्यांना माझंच नाव दिसत होतं ना.

कंपनीला लिहिलं. ‘आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर नव्या तिकीट नंबरासह. मग हक्काचा पुरावा मागितला. पाठवला तर म्हणे फाइल उघडत नाही. दुसऱ्या प्रकारे पाठवली तर म्हणे हे यूट्यूबकडे विचारा. यूट्यूबची पद्धत अशी की ते तुम्हाला क्लेम करणाऱ्याकडेच पाठवतात, आणि त्या दोन पोरांपुरता क्लेम करणारा म्हणजे माझीच ही कंपनी. फोन नंबर नव्हता. पत्ता होता, तिथं मुंबईचा मित्र जाऊन आला. खालच्या वॉचमनला त्या नावाची कंपनीच माहीत नव्हती. मिरवणुका निघाल्या, संपल्या, मंडळानं दुसऱ्याचं गाणं लावलं. त्यानंतर कधीतरी मेल आला की क्लेम मागे घेतला आहे, त्यात गाण्याचं नावही चुकीचं. हिशेबात एप्रिलच्या रकमेपुढे ‘समायोजित’ एवढंच लिहिलेलं. कशाशी समायोजित, हे आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. वार्षिक फी मात्र तारखेच्या तारखेला कापली, त्यात त्यांची फाइल बरोबर उघडली.

असो. तुमचं अजून हातात आहे, कारण तुम्ही लिहिलंय की क्लेम परवाच आला. चॅनलची कमाई सुरू असेल तर ही घाई महत्त्वाची आहे. क्लेम लागल्यापासून ५ दिवसांच्या आत आक्षेप नोंदवला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे यूट्यूब अडवून ठेवतं आणि शेवटी ज्याचे ठरतील त्याला देतं. उशीर केला तर आक्षेपाच्या तारखेपासूनचेच अडवतं, आधीचे गेले. आक्षेपावर समोरच्याला ३० दिवस असतात. तो गप्प बसला तर क्लेम सुटतो. त्यानं नाकारला तर अपील करता येतं, तिथं त्याला ७ दिवस. पण अपीलनंतर तो व्हिडिओ काढायची मागणी करू शकतो, आणि ती मान्य झाली तर तुमच्या चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद, येते. म्हणून अपील तेव्हाच करा जेव्हा हातात कागद आहे.

कागद म्हणजे पॅक घेतल्याचं बिल आणि त्याच्या परवान्याचा मजकूर. आक्षेपात कारण ‘परवाना आहे’ हेच निवडा, आणि अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंतची ढोलकी या पॅकमधली आहे, हा परवाना, एवढंच लिहा. तुमची मेहनत, बहिणीचा रियाज, आईचे आशीर्वाद यातलं काही नको. आणि पॅक कोण्या ग्रुपवरून फुकट उतरवलेला असेल, तर भांडू नका. मुकाट ढोलकी बदला आणि गाणं नव्यानं टाका. कडू वाटेल, पण बिल नसलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही.

एक सवय आजपासून लावा. गाणं एक्स्पोर्ट झालं की प्रोजेक्ट फाइल आणि कच्चे ट्रॅक पुसायचे नाहीत. जागा नाही म्हणून पोरं पहिलं तेच उडवतात. चाल तुमची, आवाज तुमच्या घरचा, याचा त्याहून सरळ पुरावा नाही. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं सीडी पाठवून पाकीट बंद ठेवायचा सल्ला महालापासून मानेवाड्यापर्यंत कोणीही देईल. कायद्यात त्याला काही स्थान नाही. नोंदणीच करायची असेल तर दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसात ऑनलाइन होते: शब्दांना ५०० रुपये, चालीला ५००, ध्वनिमुद्रणाला २०००. अर्जानंतर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबतात. नोंदणी सक्तीची नाही, हक्क गाणं केल्याक्षणी तुमचा असतो. पण पोस्टाच्या पाकिटापेक्षा ती हजारपट बरी.

आता माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या. लूप टाका कचऱ्यात आणि ढोलकीवाला बोलवा. नागपुरात वाजवणाऱ्यांची काय कमी आहे? प्रत्येक वस्तीत भजनी मंडळ, वर ऑर्केस्ट्रावाले. त्याला रोख द्या, नीट द्या, चहा-पोह्यांवर भागवू नका. आणि एक साधा कागद करा: अमुक गाण्यात वाजवलं, अमुक रक्कम मिळाली, रेकॉर्डिंग वापरायला हरकत नाही, तारीख, सही. वाजवणाऱ्यालाही कायद्यानं कलाकाराचे हक्क आहेत, पुढे दोघांनाही बरं पडतं. ढोलकी गाण्याच्या पट्टीत चढवून घ्या. लूप सॉफ्टवेअरनं ताणून पट्टीत आणला की जो प्लास्टिकसारखा आवाज येतो, तो माइक कितीही महाग घेतला तरी जात नाही. पावसाळ्यात ढोलकी दर गाण्यागणिक उतरते, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. माइक एक पुरे, हातभर लांब, ढोलकीच्या दोन्ही पुड्यांच्या (चामडी तोंडांच्या) मधोमध. घुम जास्त येत असेल तर किंचित बारीक आवाजाच्या पुड्याकडे सरकवा.

तुमच्या पोस्टीत आणखी एक वाक्य होतं, त्यावर कोणी बोललं नाही. पुढचं गाणं म्हणून तुकडोजी महाराजांचं एक भजन ‘जुनंच आहे, परंपरेतलं’ म्हणून करणार आहात. थांबा. खंजिरीवर गावोगाव म्हटलं जातं म्हणून ते मोकळं होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क चालतात. महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या रचनांचे हक्क २०२८ संपेपर्यंत आहेत. परवानगी मागा, लेखी घ्या. सुरेश भटांची गझल करायची हौस तर आपल्या गावात प्रत्येकाला असते, ते २००३ मध्ये गेले, तिथं २०६३ संपेपर्यंत विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तुकोबांचे शब्द खुशाल घ्या. पण त्या अभंगाची रेडिओवर ऐकलेली चाल तुकोबांची नसते, ती कोण्या संगीतकाराची असते आणि तिचे हक्क वेगळे. चाल स्वतःची बांधा.

आणि गाणं जरा चाललं की एखादी कंपनी ‘सगळे हक्क द्या, आम्ही प्रमोशन करतो’ म्हणत येईल. हक्क द्यायचे तर लेखीच लागतात, तोंडी काही चालत नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असं छापून आणतात. विश्वात! ते खोडा आणि मुदत लिहायला लावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही सोडता येत नाही, कंपनीचा माणूस काहीही सांगो. तुम्ही दोन्ही आहात, तेव्हा आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व बघा.

डिस्ट्रिब्युटर बदलावासा वाटला तर आधी नव्याकडे गाणं चढवा, मग जुन्याकडून उतरवा. ऑडिओ फाइल तीच, गाण्याचं आणि गायिकेचं नाव अक्षरन् अक्षर तेच, आणि १२ अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, तोच द्या. नाहीतर आजवरचे ऐकलेले आकडे शून्यावर जातात. हा नंबर जुन्या कंपनीच्या पानावर असतो, भांडण व्हायच्या आधीच लिहून ठेवा.

आता माइक. बदलू नका, खोली बदला. भिंतीला अंड्याचे ट्रे लावले असतील तर काढा, त्यांनी काही होत नाही. पातळ फोमही फक्त वरचे सूर खातो, घुमणारा खालचा आवाज तसाच राहतो. कापसाची जाड गादी उभी करा, आणि ती माइकच्या मागे नाही, बहिणीच्या पाठीमागे. तुमचा माइक समोरचं ऐकतो, आणि त्याच्या समोर बहिणीच्या मागची भिंत आहे. दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टाका. खोलीच्या मधोमध उभं करू नका, कोपऱ्यातही नाही. कूलर बंद केल्याशिवाय टेक घेऊ नका, आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून दुपारी गाणारी माणसं जन्माला यायची आहेत, म्हणून पहाटे पाचला बसा. लग्नसराईत रात्रीचा तर विचारच सोडा. लॅपटॉप चार्जरवर असताना बारीक गुणगुण येत असेल तर बॅटरीवर घ्या. तरी राहिली तर घरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका.

क्लेमच्या पानाचा स्क्रीनशॉट इथंच टाका, सेकंद दिसतील असा. ईमेल पत्ता झाकून टाका मात्र, मागच्या महिन्यात एकानं तसाच टाकला होता.