देवाचं 'आता' आणि आपलं 'आता'

भाऊ, पाऊस लांबला म्हणून तुमच्या गावानं धोंडी काढली, आणि तुम्ही विचारलंत: देव सर्वज्ञ असेल तर पाऊस कोणत्या दिवशी येणार हे त्याला आधीच ठाऊक आहे, मग मागायचं कशाला? आणि तो काळाच्या पलीकडे असेल तर आपली हाक त्याला ऐकू येते ती कधी? दारव्हा तालुक्यात वावर सांभाळत मी तीसेक वर्षं या विषयाभोवती वाचत आलोय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

पहिला प्रश्न 'आधीच' या शब्दावर उभा आहे. नेल्सन पाइक या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९६५ साली तो अगदी आवळून मांडला. त्यांच्या उदाहरणातला माणूस शनिवारी अंगणातलं गवत कापतो. आपण त्याऐवजी सरकी लावणं घेऊ. तुम्ही शनिवारी सरकी लावणार हे देवाला ऐंशी वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. देव चुकत नाही. होऊन गेलेलं बदलता येत नाही. मग शनिवारी घरी बसणं तुमच्या हातात राहिलं कुठे?

याला उत्तर चौदाशे वर्षं आधीच देऊन झालं होतं. बोएथियस नावाच्या रोमन विचारवंतानं तुरुंगात, मृत्युदंड समोर असताना ते लिहिलं. देवाला 'आधी' नाहीच, असं तो म्हणतो. कधी न संपणारं आयुष्य तुकड्यातुकड्यानं न मिळता सगळंच्या सगळं एकदम हाती असणं, हे देवाचं शाश्वतपण. तो भाकीत करत नाही, पाहतो. आणि मी तुम्हाला शेत डवरताना पाहिलं म्हणून काही तुम्ही डवरत नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मपंडितांनी दाखला दिला: वाटेनं चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावरून पाहणाऱ्याला सगळी वाट एकदम दिसते. हे मला पुस्तकापेक्षा मचाणावर जास्त समजलं. तूर शेंगांवर आली की रोह्यांमुळे, म्हणजे नीलगायींमुळे, जागल करावीच लागते. खाली तासात उभं राहिलं तर समोरची चार झाडं दिसतात. वर चढलं की पांदीनं येणारी बैलगाडी, नाल्यावरचा बकऱ्यांचा कळप आणि धुऱ्यापलीकडे बाभळीखाली उभा असलेला रोही एका नजरेत येतात. गाडीवानाला नाला अजून यायचा आहे, माझ्या डोळ्यांत तो आलेलाच आहे. पण दाखला इथंच तोकडा पडतो. मचाणावरच्या माणसाचीही रात्र सरत असते. बोएथियसच्या देवाची सरत नाही.

अँथनी केनी या इंग्रज तत्त्वज्ञांनी विचारलं की माझं लिहिणं आणि नीरोच्या काळातलं रोमचं जळणं, दोन्ही देवाच्या एकाच क्षणासोबत घडत असतील, तर ती एकमेकांसोबतही घडतात की काय? १९८१ मध्ये स्टंप आणि क्रेट्झमन या तत्त्वज्ञांनी उत्तर दिलं की शाश्वत आणि काळातलं यांचं 'सोबत असणं' वेगळ्या जातीचं आहे, ते असं पुढे नेता येत नाही. त्यानं बचाव होतो, पण ती वेगळी जात कसली, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्याहून तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायर यांचा आक्षेप मला रुततो. १९६२ साली त्यांनी लिहिलं की काळाबाहेरच्या कुणालाही मँचेस्टरच्या १९६० च्या परीक्षा 'आता संपल्या' हे कळू शकत नाही. कोणत्या तारखेला संपल्या ते कळेल, 'आता' तेवढं निसटेल. शेतकऱ्याला याचं वजन चटकन समजतं. अमुक दिवशी वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, होता, ही एक माहिती. 'आता वापसा आहे, चला' हे जाणणं वेगळं. माणूस तिफण जुंपतो ते याच्यावर. हे देवाजवळ नसेल तर माझ्या सालदाराला, वर्षभर शेतावर राबणाऱ्या गड्याला, जे कळतं ते त्याला कळत नाही. निकोलस वॉल्टरस्टॉर्फ या तत्त्वज्ञांनी १९७५ साली उघड बाजू घेतली: माणसाच्या हाकेला ओ देणारा देव काळाबाहेरचा असू शकत नाही, तो काळातच अखंड असतो.

आपल्याकडचं एक सूत्र मला इथं फार मोलाचं वाटतं. योगसूत्रात पतंजली ईश्वराबद्दल म्हणतात: 'स पूर्वेषामपि गुरुः कालेनानवच्छेदात्', म्हणजे तो आधीच्यांचाही गुरू, कारण काळानं त्याचा अवच्छेद होत नाही. अनवच्छेद म्हणजे काळाची मर्यादा त्याला पडत नाही. काळाशी त्याचा संबंधच नाही, असं या शब्दात नाही. विहिरीला कठडा असतो, पावसाला नसतो, तरी पाऊस विहिरीतही पडतोच. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान 'अहमेवाक्षयः कालः', अक्षय काळ मीच, म्हणतात, आणि सातव्यात गेलेलं, चाललेलं, यायचं, सगळं मी जाणतो म्हणतात. तिन्हींची नावं वेगळी ठेवून. टीकाकार हे नाना तऱ्हेनं लावतात. माझा कौल असा की 'काळापलीकडे' हा शब्द आपण नको तितका ताणला. देव काळात मावत नाही, पण आपल्या 'आता'मध्ये तो हजर आहे. तुमच्या 'कधी'ला माझं उत्तर हेच: तुम्ही हाक मारता तेव्हा.

मागण्याबद्दल अक्विनास म्हणतात की प्रार्थना देवाचं ठरलेलं बदलायला नसते. काही गोष्टी मागण्यातूनच मिळाव्यात, हेही ठरलेल्यातच येतं. धोंडीही तशीच पावसाच्या हिशेबात धरलेली असू शकते.

माझ्या लहानपणी मृगाच्या पहिल्या सरीत शिवारात वीज पडली. धावत आलेल्या पोरानं सांगितलं, पळसाखाली एक माणूस गेला, कोण ते माहीत नाही. माझे मामा त्याच बाजूला होते. आई दिवा लावायला बसली. हात ओले, काड्या सादळलेल्या. तिसऱ्या काडीला वात धरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जे झालं ते झालं माय, आता मांगून का होते?" आईनं वात पुढे सारली आणि म्हणाली, "देवाले का घड्याळ असते?"

पुढे इंग्रज तत्त्वज्ञ मायकल डमेट यांचा १९६४ चा लेख वाचताना मला तो दिवा आठवला. दोन तासांपूर्वी जहाज बुडालंय आणि बाप प्रार्थना करतो, माझा मुलगा वाचलेल्यांत असो. डमेट म्हणतात, तो झालेलं बदलायला सांगत नाही. देवानं तेव्हाच वाचवलेलं असो, एवढंच मागतो. आणि हा बाप नंतर हाक मारेल, हे देवाला तेव्हाही ठाऊक असू शकतं. आईच्या मागण्याला अर्थ होता, असं मी तेव्हापासून मानतो.

मामा दिवेलागणीला चिखलानं माखून घरी आले. गेलेला माणूस वरच्या वस्तीतला होता. त्याच्याही घरी दिवा लावलेला होता. त्या घराला काय उत्तर द्यायचं, हे काळाचं कोडं सोडवून मिळत नाही. आईनं मामांपुढे भाकर ठेवली, डोक्यावर पोतं घेतलं आणि ती त्या घराकडे निघाली.